किती किलोची, आणि किती लांब?

बावधनच्या एका सोसायटीच्या फाटकाशी डांबराचा स्पीडब्रेकर आहे. उरलेला माल संपवायचा म्हणून कुणीतरी ओतून टाकावा तसा, उंच, आखूड आणि एका बाजूला खचलेला. संध्याकाळी त्यावरून दोन दारांची एक बसकी गाडी सावकाश गेली. चढताना काहीच आवाज नाही. पुढची चाकं माथ्यावरून पलीकडे खाली लोंबकळली, परत टेकली आणि तेवढ्यात ‘ठक्’. लोखंडावर लोखंड आपटल्याचा, कोरडा, एकदाच. वॉचमननं लगेच निदान केलं, “साहेब, लिंक रॉड बघा.” पुण्यात या बाबतीत अर्धं शहर मिस्त्री आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं बऱ्याचदा बरोबरही निघतं. मालक मात्र दुखावल्यासारखा म्हणाला, “नवीन कॉइलओव्हर आहेत. बारा किलोचे.” कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीच बसवलेली स्प्रिंग असा एकत्र संच. बारा किलोचे म्हणजे ती स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला बारा किलो लागतात, हा तिचा रेट. किती लांबीची स्प्रिंग, असं विचारल्यावर तो गप्प झाला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

तो आवाज डोक्यात राहिला, कारण तो उतरताना आला होता. चाक वर दाबलं जाताना वाजलं तर संशय घ्यायला बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना धक्का अडवणारा रबरी तुकडा), माउंट (शॉकअप वर गाडीला जोडला जातो ती जागा), बुश (सांध्यांतलं रबर) अशी पुष्कळ गिऱ्हाईकं असतात. चाक पूर्ण खाली लटकून परत बसताना एकच ठक् आला, तर पहिला संशय स्प्रिंगवर. लटकलेल्या स्थितीत ती सैल पडते, आपल्या बैठकीवरून किंचित उचलली जाते, आणि वजन परत आलं की आपटून बसते. स्प्रिंग सदोष नाही, शॉकअपही नाही. लांबी आणि रेट यांचा एकमेकांशी मेळ बसलेला नाही, इतकंच.

गाडीवाल्यांच्या गप्पांत ‘किती किलो’ हा आकडा छाती फुगवून सांगितला जातो. सहा म्हणजे बाळबोध, आठ म्हणजे बरं, बारा म्हणजे वा! पण किलोचा आकडा सुटा घेतला तर त्याला अर्थच नसतो. चाकाला स्प्रिंग थेट जाणवत नाही, मधल्या दांड्यांच्या तरफेतून जाणवते. चाक १० मिमी वर गेलं आणि शॉकअप ७ मिमीच दाबला गेला, तर मोशन रेशो ०.७. चाकाशी मिळणारा रेट म्हणजे स्प्रिंगचा रेट गुणिले या ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९. वर्ग का, तर तरफ दोनदा कापते: एकदा बळ, एकदा अंतर. हा वर्ग विसरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण हिशेब बरोबर दिसत राहतो आणि स्प्रिंग तीस टक्क्यांनी मऊ येते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे जिथे शॉकअपच चाकाला वरून धरतो तिथे, रेशो जवळजवळ एक असतो, म्हणून तिथे पाच-सहा किलो भरपूर होतात. डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरलेलं असतं तिथे, ०.६ ते ०.७५ च्या आसपास असतो, म्हणून तिथे आठ-दहा किलोसुद्धा सौम्य निघतात. दोन वेगळ्या गाड्यांच्या मालकांनी किलोवरून वाद घालणं व्यर्थ आहे. तरी दर रविवारी सकाळी, कुठल्या ना कुठल्या चहाच्या टपरीवर, तो वाद चालू असतो.

रेशो कुणाच्या तरी सांगण्यावरून घेऊ नये, मोजावा. स्प्रिंग काढून नुसता शॉकअप परत बसवायचा, अँटीरोल बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या, दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक सोडायची, हबखाली, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाखाली, जॅक लावायचा आणि चाक १०-१० मिमीनं उचलत प्रत्येक टप्प्याला शॉकअपची लांबी टिपायची. नेहमीच्या उंचीच्या ५० मिमी खालपासून ५० मिमी वरपर्यंत. अर्ध्या तासाचं काम, पण ते करताना गाडीची कुंडली हातात येते. काही गाड्यांत चाक वर जाईल तसा रेशो वाढतो, काहींत घटतो. दुसरी गोष्ट वजन. कॉर्नर स्केल, म्हणजे प्रत्येक चाकाखाली ठेवायचे वेगळे काटे, मिळाले तर उत्तम. नाहीतर मार्केट यार्ड किंवा चाकणकडच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर आधी पुढचा अ‍ॅक्सल, मग पूर्ण गाडी अशी दोन वजनं घ्यायची. टाकी जितकी नेहमी भरलेली असते तितकी भरून आणि चालक आत बसवून. काटा पाच-दहा किलोंच्या पटीत दाखवतो, पण एवढ्यानं इथे काही बिघडत नाही.

आता एक गाडी धरू. पुढच्या एका चाकावर ३५० किलो. त्यातले चाक, टायर, हब, ब्रेक असे साधारण ४० किलो स्प्रिंगच्या खालचे, म्हणून वजा. स्प्रिंगला पेलायचे ३१०. रेशो ०.७. रोजच्या वापरातली आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणारी गाडी, म्हणून पुढची लय, म्हणजे गाडीचं नाक स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली डुलतं ते, १.८ हर्ट्झच्या आसपास हवी. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात, २ च्या वर गेलं की पाठ बोलू लागते, आणि डाउनफोर्स (हवेचा खाली दाबणारा जोर) नसलेल्या ट्रॅककार सहसा २ ते २.५ मध्ये. लय काढायची सोपी युक्ती अशी: स्वतःच्या वजनानं चाकाशी स्प्रिंग किती मिमी दबते त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.७६ ला त्यानं भागायचं. आठ किलोची स्प्रिंग घेतली तर चाकाशी ३.९२ किलो, ३१० किलोंखाली दबणूक ७९ मिमी, लय १.७७. बारा किलोची घेतली तर दबणूक ५३ मिमी, लय २.१७. बाराचं हसू करायचं कारण नाही, ती चांगल्या ट्रॅकची स्प्रिंग आहे. फक्त तो ट्रॅक कोईमतूरला किंवा चेन्नईजवळ आहे, आणि तिथे पोचायचा रस्ता कात्रजच्या बोगद्यातून जातो.

मागचा रेट काढताना मॉरिस ऑलीची आठवण ठेवावी. हा इंग्रज इंजिनिअर १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये होता, आणि मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर गाडी घोड्यासारखी पुढेमागे डुलत नाही हे त्यानं दाखवून दिलं. उंचवटा पुढच्या चाकांना आधी भेटतो, मागच्यांना नंतर. मागचा भाग जरा जलद हलला तर तो पुढच्याला गाठतो आणि दोघं एकदम शांत होतात. आपल्या गाडीत मागे ३०० किलो पेलायचे आणि रेशो ०.९ असेल, तर सहा किलोची स्प्रिंग २ हर्ट्झ देते. म्हणजे पुढे आठ, मागे सहा. कागदावर मागची मऊ, चाकाशी मागचीच कडक. हे पटवून देता देता अनेक मेकॅनिकांची आणि मालकांची मैत्री तुटते.

पण हा सगळा सोपा भाग झाला. गुणाकार-भागाकार कुणीही करतो.

खरी पंचाईत लांबीची. त्यासाठी शॉकअपचा प्रवास हाताशी हवा. या गाडीच्या शॉकअपचा दांडा एकूण ११० मिमी सरकतो असं धरू. गाडी उभी असताना त्यातले ६५ वर दाबायला आणि ४५ खाली लटकायला ठेवले. शॉकअपशी स्प्रिंगवर ४४३ किलो येतात, कारण ३१० भागिले ०.७. आठ किलोची स्प्रिंग त्याखाली ५५ मिमी दबते. चाक पूर्ण लटकलं तर ४५ मिमी परत उघडते, तरीही १० मिमी दबलेलीच राहते. म्हणजे ती कधीच सैल पडणार नाही. आता बारा किलोची. ती उभ्या गाडीत दबते ३७ मिमीच. चाक लटकून शॉकअप ४५ मिमी उघडला की ८ मिमीची फट. बावधनचा ठक् म्हणजे बहुतेक अशीच एक फट.

या फटीवर दोन इलाज. एक, स्प्रिंगच्या टोकाला हेल्पर लावायचा. चपट्या पट्टीची ही बारीक स्प्रिंग उभ्या गाडीत पूर्ण मिटलेली असते, गाडी तोलण्यात तिचा काहीच वाटा नसतो, चाक लटकलं की ती उघडते आणि मोठ्या स्प्रिंगला बैठकीवर धरून ठेवते. मिटल्यावरची तिची जाडी आणि मधली रिंग मिळून दहा-पंधरा मिमी जागा खातात, ती लांबीत धरावी लागते. हिला टेंडर समजू नये. टेंडरला स्वतःचा खरा रेट असतो, आणि ती मिटेपर्यंत दोघींचा मिळून रेट चालतो: दहा किलोवर पाचची टेंडर असेल तर दोघी मिळून ३.३३. दुसरा इलाज, शॉकअप बसवताना बैठक वर फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची, म्हणजे प्रीलोड. इथे आठच मिमी हवेत, तेवढ्याला हरकत नाही.

प्रीलोडबद्दल मात्र पुण्यातल्या गॅरेजांत एक जुनी समजूत आहे की कॉलर, म्हणजे बैठकीखालची आट्यांवर फिरणारी रिंग, आवळली की स्प्रिंग ‘टाइट’ होते. सरळ रेटची स्प्रिंग टाइट होत नाही. आठ किलोची आठच राहते. ४४३ किलो पेलायला तिला ५५ मिमी दबावंच लागतं, आधी दहा दाबली असेल तर गाडी बसल्यावर आणखी ४५ दबते. बदलते ती गाडीची उंची आणि वर-खाली उरणाऱ्या प्रवासाची वाटणी. कॉलर दहा मिमी वर फिरवली तर या रेशोनं चाकाशी गाडी चौदा मिमी उचलते, दहा नव्हे. ज्या कॉइलओव्हरमध्ये शॉकअपचा खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, तिथे उंची ब्रॅकेटनं ठरवावी आणि कॉलरनं वाटणी. ज्यात नुसती कॉलर आहे, तिथे गाडी खाली आणणं म्हणजे वर दाबायचा प्रवास खर्च करणं. या दोन प्रकारांतला फरक विकत घेताना कळतो त्यापेक्षा पहिल्या पावसाळ्यात जास्त कळतो.

आता दुसरं टोक. बंपस्टॉप पूर्ण चेपला जाईपर्यंत शॉकअप ६५ पैकी साधारण ५० मिमी वर जातो असं धरू. तोपर्यंत आठ किलोची स्प्रिंग एकूण १०५ मिमी दबलेली असेल. सात इंची, म्हणजे १७८ मिमीची स्प्रिंग पूर्ण मिटल्यावर ७० मिमी उरत असेल तर तिला १०८ मिमीचा प्रवास आहे. तीन मिमी शिल्लक. खंबाटकीच्या उतारावर ब्रेक दाबलेला असताना खड्डा आला की वेटोळी एकमेकांना टेकणार, आणि टेकलेली स्प्रिंग ही स्प्रिंग राहत नाही, तो लोखंडाचा नळ होतो. धक्का थेट वरच्या माउंटला. आठ इंची, २०३ मिमीची, मिटल्यावर ७८ उरत असेल तर १२५ चा प्रवास, वीस मिमी शिल्लक. म्हणून आठ किलोला आठ इंची. बारा किलोची उभ्या गाडीत कमी दबते म्हणून तिला सात इंचीही पुरते, पण तिची तार जाड असल्यामुळे मिटल्यावरची उंचीही जास्त असते. ती कॅटलॉगातून पाहावी, अंदाजानं घेऊ नये.

मग सरळ सगळ्यात लांब का घेऊ नये? कारण लांबी बैठकीला खाली ढकलते. उभ्या गाडीत आठ इंचीची लांबी १४८ मिमी, म्हणून बैठक वरच्या माउंटपासून १४८ मिमी खाली यायला हवी. तिथे आटे आहेत का? स्ट्रटच्या गाडीत एवढ्या खाली आलेली बैठक टायरच्या आतल्या खांद्याला घासते का? रुंद रिम घातले असतील तर आधी तेच बघावं, चाक पूर्ण वळवून आणि वर दाबून. मौज अशी की रेट वाढला की दबणूक घटते, म्हणून लांबीही कमी घ्यावी लागते आणि बैठक जवळपास तिथेच राहते. बारा किलो सात इंची उभ्या गाडीत १४१ मिमीची, आठ किलो आठ इंचीपेक्षा सातच मिमीनं आखूड. हेल्पर घातला तर ती जागाही भरून वर काही मिमी होतात. रेट बदलून लांबी तीच ठेवणारे लोक मग वर्षभर कॉलर फिरवत बसतात.

गाडी बसकी छान दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. फर्ग्युसन रस्त्यावर चाकाच्या कमानीत टायर जेमतेम मावलेली गाडी गेली की मान वळतेच, माझीही. पण तिचं गणित एकदा मांडून पाहावं. ६५ मिमी वरचा प्रवास, त्यात ४० मिमीचा बंपस्टॉप, मोकळे राहिले २५. नुसत्या कॉलरनं गाडी चाकाशी आणखी ३० मिमी बसवली की शॉकअपशी २१ गेले. मोकळे ४ मिमी. आता ती गाडी आठ किलोवर चालतच नाही, बंपस्टॉपवर चालते, आणि दाबाल तसा बंपस्टॉप झपाट्यानं कडक होत जातो. ‘कॉइलओव्हर फार कडक आहेत, मऊ स्प्रिंग टाकतो’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं हेच असतं, आणि मऊ स्प्रिंगनं ते वाढतं. दहा किलोची टाकली तर अशी गाडी उलट आरामशीर वाटू शकते, कारण ती बंपस्टॉपपासून सुटते. ताम्हिणीच्या वळणात बाहेरचं पुढचं चाक एकदम बंपस्टॉपवर गेलं की नाक पकड सोडून बाहेर सरकतं. स्टिअरिंगमधला जिवंतपणा अर्ध्या सेकंदात नाहीसा होतो, ओल्या पानांवर तर फारच लवकर. ती भावना एकदा हाताला कळली की तीस मिमीचा मोह कमी होतो. जात नाही, कमी होतो.

स्पीडब्रेकरचंही मानक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीतला गोल गतिरोधक गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, ताशी २५ किमीनं ओलांडण्यासाठी. असा एखादा भेटला की गाडीवाला हळवा होतो. आपले बहुतेक आखूड आणि टोकदार. त्यावर पोट घासतं ते क्लिअरन्सच्या कमतरतेमुळे, त्यात कुठलीही स्प्रिंग फार मदत करत नाही. गाडी तिरकी घ्यावी आणि देवाचं नाव घ्यावं. नाक घासतं ते मात्र वेगळ्या कारणानं: चाकं उतरली की गाडी पुढे झुकते, आणि मऊ स्प्रिंग जास्त झुकते. तिथे रेट कामी येतो.

स्प्रिंग कापून गाडी बसवण्याची पद्धत अजून सुरू आहे. तारेच्या स्प्रिंगचा रेट चालू वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात असतो: सहापैकी एक कापलं की रेट वीस टक्क्यांनी वाढला. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो, १२ मिमीच्या जागी १२.५ ची तार आली तरी अठरा टक्के वाढ. कापलेलं टोक सपाट घासलेलं नसतं, त्यामुळे स्प्रिंग तिरकी बसते, शॉकअपच्या दांड्याला बाजूनं रेटते, आणि काही महिन्यांत सीलमधून तेल पाझरतं. नाना पेठेत सुटे भाग शोधताना दुकानदार स्प्रिंगचं टोक अंगठ्यानं चाचपून दाखवतात, ते उगीच नाही. कॉइलओव्हरला आतला व्यासही तंतोतंत लागतो: ६० मिमी, ६५ मिमी, अडीच इंची म्हणजे ६३.५. अडीच इंची स्प्रिंग ६५ च्या बैठकीवर सक्तीनं बसवणारे महाभाग आहेत. ती टोकाला ताणून बसते आणि तिथूनच रंग उडून गंज धरते.

रेट वाढवला की डँपिंगही, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं शमवणारी शॉकअपची अडवणूकही, जास्त लागतं. आठचे बारा केले म्हणजे दीडपट, आणि डँपिंगची गरज दीडच्या वर्गमुळानं वाढते, म्हणजे सुमारे बावीस टक्के. रिबाउंडच्या, म्हणजे शॉकअप उघडतानाच्या अडवणुकीच्या, चार-पाच क्लिकमध्ये ते भागलं तर ठीक. नाहीतर एक्सप्रेसवेच्या काँक्रीटच्या जोडांवर नाक टुकटुक नाचत राहतं आणि लोक त्याला स्प्रिंगचा दोष म्हणतात. दीड-दोन किलोंहून जास्त बदल करायचा तर शॉकअप नव्यानं व्हॉल्व्ह करून घ्यायचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

बसवताना कॉलर फिरवायच्या आधी आट्यांवरची माती ब्रशनं पूर्ण काढावी. जुलैत ती पिवळट चिकट माती सुकून सिमेंट झालेली असते, तशीच सी-स्पॅनर लावला तर अल्युमिनियमचे आटे खरवडून निघतात. आट्यांना ग्रीस फासू नये, ते माती धरून ठेवतं. अँटीसीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा, पातळ हात पुरतो. अँटीरोल बारच्या लिंक आणि चाक धरणाऱ्या दांड्यांचे बुश गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, नाहीतर बुश पिळलेले राहतात आणि उंची खोटी दिसते. जॅकवरून उतरवल्यावर लगेच माप घेऊ नये, टायर आत ओढलेले असतात. गाडी दहा-वीस मीटर पुढेमागे ढकलून, मग हबच्या मध्यापासून कमानीपर्यंत मोजावं, कमानीपासून जमिनीपर्यंत नव्हे, म्हणजे टायरची हवा मधे येत नाही. नव्या स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत एखाद-दोन मिमी बसतात. त्यामुळे आठवडाभर चालवून उंची पुन्हा तपासावी, लॉकनट पुन्हा आवळावेत, आणि अलाइनमेंट त्यानंतरच करावं, चालकाच्या सीटवर माणूस बसवून. आधी कँबर (समोरून पाहताना चाकाचा कल), मग टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत की बाहेर), कारण कँबर हलवला की टो आपोआप हलतो.